संग्रहातला पुढचा टॅरँटुला निवडताना

घरात पहिले तीन टॅरँटुला आले, तेव्हा निवडीचा निकष एकच आणि सोपा होता: देखभालीत थोडेफार उणे-अधिक झाले तरी तग धरणारा, शांत, संथ आणि जमिनीवर राहणारा कोळी. मध्य अमेरिकेतला कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकाट्ल अल्बोपिलोसस, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा लाल गुडघ्यांचा ब्राकिपेल्मा हॅमोरी आणि दक्षिण अमेरिकेच्या ग्रान चाको प्रदेशातला, पायांवर सोनेरी पट्टे असलेला ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस ही ती त्रयी. चौथ्याच्या वेळी हा निकष पुरेना. टॅरँटुलांच्या थेराफोसिडी या कुळात आजवर एक हजाराहून अधिक प्रजातींचे वर्णन झालेले आहे. पाळणाऱ्यांपर्यंत त्यांतल्या थोड्याच पोचत असल्या, तरी त्या थोड्यांमधून एक निवडायची म्हणजे आधी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, हे स्वतःशी ठरवावे लागते. हे ठरवण्यात माझे बरेच महिने गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही.

प्रजातींची छायाचित्रे पाहत बसण्याआधी मी घरातल्या तीन पेट्यांकडे नीट पाहिले. रात्री खोलीतला मोठा दिवा मालवल्यावर तिघेही साधारण एकच दिनक्रम पाळतात. कॉर्कच्या सालीखालच्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसायचे, पुढचे दोन पाय किंचित बाहेर ठेवायचे, रातकिडा जवळून गेला तर झडप घालायची आणि पुन्हा आत जायचे. पुल्क्रिपेस अधूनमधून कोकोपीट उकरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो आणि पाण्याची वाटी भरून टाकतो, एवढाच काय तो फरक. तिघांनाही कोरडी माती, एका बाजूला थोडा ओलावा आणि भरलेली वाटी एवढेच लागते. तिघांचीही वाढ इतकी मंद, की वर्षातून एकदा कात टाकली तरी पुष्कळ. म्हणजे मी तीन प्रजाती सांभाळत होतो, पण वागणुकीच्या दृष्टीने पाहिले तर एकच गोष्ट तीनदा पाहत होतो. चौथ्याने यात काहीतरी वेगळे आणावे, ही पहिली अट ठरली. वेगळे म्हणजे वेगळ्या रंगाचे नव्हे, एवढेही त्याच वेळी ठरले.

रंगाला मी इतका दुय्यम का मानतो, हे सांगायला हवे, कारण बहुतेक खरेदी रंगावरच होते. टॅरँटुलांचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून केसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश परावर्तित होऊन दिसणारा रंग असतो, त्यामुळे फ्लॅशच्या झगझगीत उजेडात जो कोळी नीलमण्यासारखा दिसतो तोच संध्याकाळच्या मंद उजेडात करडा-काळपट वाटतो. त्यातही विकायला असते ते बहुधा नखाएवढे पिल्लू, आणि पिल्लाचा रंग प्रौढासारखा असेलच असे नाही. हॅमोरीचे पिल्लू कित्येक काती टाकेपर्यंत फिकट तपकिरीच दिसते. शिवाय ज्या प्राण्याला पाहण्यासाठी रात्र व्हावी लागते, आणि तोही बिळात शिरून बसला तर महिनोन्‌महिने दिसत नाही, त्याचा रंग हा त्याला पाळण्याच्या अनुभवाचा फारच लहान भाग असतो.

यानंतर आयुष्याचा विचार केला. नर प्रौढ झाल्यावर बहुधा काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष जगतो, पण ब्राकिपेल्मा आणि ग्रामोस्टोला या वंशांतल्या माद्या नीट सांभाळल्या तर वीस वर्षांच्या पलीकडे जातात. माझ्याकडे अशा दीर्घायुषी प्रजाती आधीच होत्या. आणखी एक आणणे म्हणजे आणखी दोन दशकांची बांधिलकी, आणि या काळात घर बदलू शकते, नोकरी बदलू शकते, घरातल्या माणसांची तयारीही बदलू शकते. म्हणून या वेळी मी मुद्दाम दहा-बारा वर्षांच्या आसपास आयुष्य असलेल्या, लवकर वाढणाऱ्या प्रजातींकडे झुकलो. अनेकांना मंद वाढ हा गुण वाटतो आणि पहिल्या कोळ्यासाठी तो आहेच. पण पिल्लापासून प्रौढापर्यंतचा प्रवास डोळ्यांदेखत पाहायचा असेल तर तोच गुण आड येतो.

खरा निर्णायक मुद्दा मात्र केसांचा ठरला. अमेरिका खंडांतल्या बहुसंख्य टॅरँटुलांच्या उदरावर बारीक, काटेरी, सहज सुटणारे केस असतात. कोळ्याला धोका वाटला की तो मागच्या पायांनी उदर घासतो आणि हे केस हवेत उडवतो. ते त्वचेत रुतले की खाजकुइली लागल्यासारखी आग आणि खाज सुटते, श्वासातून गेले तर घसा खवखवतो आणि डोळ्यात गेले तर बुबुळात रुतून दीर्घकाळ दाह होऊ शकतो, ज्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते. या केसांचे सात प्रकार अभ्यासकांनी वेगळे केलेले आहेत आणि सगळे सारखेच त्रासदायक नाहीत. अल्बोपिलोससचे केस सौम्य समजले जातात. तरीही संपर्क वाढत गेला तशी माझ्या मनगटांची संवेदनशीलता वाढत गेली. पेटी साफ केल्यावर हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या उघड्या पट्टीवर बारीक लाल पुरळ उठे आणि ते काही दिवस जात नसे. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी केस उडवणाऱ्या कोळ्यांची संख्या वाढवत नेणे शहाणपणाचे नाही, असे माझे स्पष्ट मत झाले.

पण केस नसलेला कोळी घ्यायचा म्हणजे वाट आशिया आणि आफ्रिकेकडे वळते, आणि तिथे सौदा वेगळाच असतो. तिथल्या टॅरँटुलांकडे हे केस नाहीत, म्हणून बचावासाठी त्यांची सगळी भिस्त वेगावर आणि दंशावर आहे. डिवचल्यावर ते पुढचे पाय उंचावून विषदंत दाखवतात, आणि पळायचे ठरवले तर नजर ठरेपर्यंत पेटीबाहेर असतात. विषही अमेरिकेतल्या नातेवाइकांपेक्षा तीव्र असते. टॅरँटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याचे खात्रीलायक उदाहरण नाही, पण पोसिलोथेरिया या वंशातल्या कोळ्यांच्या दंशानंतर स्नायूंमध्ये तीव्र गोळे येतात आणि ते काही वेळा दंशानंतर तासांनी सुरू होऊन दिवसेंदिवस परतत राहतात, याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. माझ्या आधीच्या तिघांनी मला वेगाबद्दल काहीच शिकवले नव्हते. त्यामुळे केस नकोत आणि एकदम विजेच्या चपळाईचा, तीव्र विषाचा कोळीही नको, अशा दोन टोकांमधली जागा मला शोधायची होती.

या चौकटीत बसवून पाहण्यासाठी मी काही प्रजाती कागदावर उतरवल्या आणि एकेक खोडत गेलो. थायलंड-म्यानमारकडचा निळा सिरिओपॅगोपस लिव्हिडस लगेच गेला, कारण तो खोल बीळ करून त्यातच राहतो. ज्यांना मातीने भरलेली पेटी पाहण्यात आनंद आहे त्यांच्यासाठी तो ठीक आहे. वजनाने सर्वांत मोठा समजला जाणारा थेराफोसा ब्लाँडीही गेला. त्याचे केस सर्वांत त्रासदायक केसांमध्ये मोडतात आणि त्याला सतत दमट माती लागते. सोकोत्रा बेटावरचा मोनोसेंट्रोपस बालफोरी याच्यापाशी मी जरा थांबलो, कारण त्याची भावंडे एकाच पेटीत एकत्र राहू शकतात आणि कोळ्यांमध्ये अशी सहनशीलता विरळ आहे. पण चपळ कोळ्यांचा अख्खा गट दुसऱ्या पेटीत हलवण्याची कल्पनाच मला पेलवेना.

पोसिलोथेरिया मेटॅलिका खोडताना मात्र वाईट वाटले. हा निळाशार वृक्षवासी कोळी फक्त आंध्र प्रदेशातला. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले ते गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून, आणि त्यानंतर शंभरेक वर्षे तो कोणाला आढळल्याची नोंद नव्हती. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. त्याचा ज्ञात अधिवास शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ मध्ये पोसिलोथेरिया हा संपूर्ण वंश वन्यजीव व्यापाराच्या साइट्स करारातील दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला, म्हणजे सीमेपलीकडच्या प्रत्येक देवाणघेवाणीला कागदपत्रे लागतात. बंदिवासात त्याची पैदास भरपूर होते हे खरे आहे. पण ज्या कोळ्याचे मूळ जंगल इतके आकुंचित आहे, त्याच्या बाबतीत हातातले पिल्लू खरोखर बंदिवासात जन्मलेले आहे याची कागदोपत्री खात्री झाल्याशिवाय आणि आपला हात चपळ कोळ्यांना सरावल्याशिवाय तो आणू नये, असे मला वाटते. या दोनपैकी दुसरी अट तर मी पुरी करूच शकत नव्हतो.

शेवटी यादीत तीन नावे उरली. पहिले होते मार्टिनिक बेटावरच्या कॅरिबेना व्हर्सिकलरचे, जो पूर्वी ॲव्हिक्युलारिया वंशात गणला जाई आणि २०१७ मध्ये नव्या वंशात गेला. याचे पिल्लू संपूर्ण निळे असते आणि कात टाकत टाकत ते हिरव्या-लालसर रंगाचे प्रौढ होते. रंगाला दुय्यम म्हणणाऱ्या माझ्यासारख्यालाही हा बदल पाहायला आवडला असता. पण त्याची पिल्ले नाजूक असतात, दमट आणि कोंदट हवा त्यांना सोसत नाही, म्हणून ओलावा राखूनही हवा खेळती ठेवण्याची कसरत करावी लागते. तसे करता येते, पण वृक्षवासी कोळ्याचा पहिलाच अनुभव इतक्या कमी चुकांना वाव देणारा असू नये.

दुसरे नाव व्हेनेझुएलाच्या पॅराग्वाना द्वीपकल्पावरच्या क्रोमॅटोपेल्मा सायनिओप्युबेसेन्सचे. हिरवट शिरोवक्ष (डोके आणि छाती मिळून झालेला पुढचा भाग), निळे पाय, नारिंगी उदर, कोरड्या हवेत खूश, खाण्यात पुढे, आणि सगळी पेटी पांढऱ्या रेशमी जाळ्यांनी भरून टाकणारा. बिळात दडून न बसता जाळ्याच्या वर येऊन बसतो, त्यामुळे तो दिसतोही. वागणुकीत वेगळेपण हवे या अटीवर तो शंभर टक्के उतरत होता आणि माझे मन बरेच दिवस त्याच्यावरच होते. त्याला नकार देण्याचे कारण फक्त केस. जाळ्यांनी भरलेल्या पेटीत हात घालून उष्टे अन्न काढायचे, तेही केस उडवणाऱ्या कोळ्याच्या, हे माझ्या मनगटांना झेपणारे नव्हते. ज्यांना केसांचा त्रास होत नाही त्यांनी चौथा कोळी म्हणून डोळे मिटून हा आणावा, असे मी आजही सांगेन.

तिसरे नाव साल्मोपिअस केंब्रिजाय. त्रिनिदाद बेटावरचा हा वृक्षवासी कोळी अमेरिकेतला असूनही त्याच्याकडे खाजरे केस नाहीत. साल्मोपिअस हा वंश या बाबतीत अपवाद आहे, आणि बचावाच्या दृष्टीने तो आशियाई-आफ्रिकी कोळ्यांसारखाच वेगावर आणि दंशावर विसंबतो. मात्र पोसिलोथेरियाच्या मानाने याचा दंश सौम्य समजला जातो, कोळी काटक असतो, पिल्ले पटकन वाढतात आणि कमी-जास्त आर्द्रता सहन करतात. जमिनीवरच्या संथ कोळ्यांपासून आशियातल्या चपळ वृक्षवासींकडे जाताना मधली पायरी म्हणून पाळणारे याचेच नाव घेतात. दिसायला तो ऑलिव्ह-हिरव्या रंगाचा, उदरावर गडद आडव्या खुणा आणि पायांच्या टोकांकडे तांबूस-नारिंगी फटकारे असलेला. छायाचित्रात तो व्हर्सिकलरपुढे फिका पडतो, आणि कदाचित म्हणूनच त्याच्या वाट्याला घाईची खरेदी कमी येते.

सौम्य समजला जातो, या शब्दांवर मी विसंबलो नाही. या कोळ्याच्या विषाचा अभ्यास बराच झालेला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात याच्या विषातली तीन पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, वेगळी काढण्यात आली. माणसाच्या मज्जातंतूंवरचा जो ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारा रेणू) मिरचीतल्या कॅप्सेसिनने जागा होतो, तोच ग्राहक ही पेप्टाइडे जागी करतात. म्हणजे या कोळ्याचा दंश आणि मिरचीची आग या दोन्हींचा मार्ग मज्जासंस्थेत एकच आहे. त्याच विषातून २००० मध्ये वेगळे केलेले आणखी एक पेप्टाइड आम्लाला प्रतिसाद देणारी आयन-वाहिनी (पेशीच्या आवरणातले विद्युतभारित कणांचे दार) बंद करते, आणि वेदना व पक्षाघाताच्या संशोधनात ते आजही वापरले जाते. हे वाचल्यावर दंश कसा असेल याची कल्पना आली. जिवावर बेतणारा नाही, पण रात्रभर जागवील असा. घरातल्यांना मी हे सगळे स्पष्ट सांगितले, पेटीला कुलूप लागेल आणि कोळी कधीही हातावर घेतला जाणार नाही हेही सांगितले, आणि त्यांची संमती मिळाल्यावरच पुढे गेलो.

प्रजाती ठरली तरी ती कोणाकडून आणि कोणत्या वयाची घ्यायची हे ठरायचे होते. नावाच्या बाबतीत मी काटेकोर आहे. याचे उदाहरण माझ्याच घरात होते. माझा लाल गुडघ्यांचा कोळी ज्या प्रकारचा आहे तो वर्षानुवर्षे ब्राकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला जाई. २०१७ मध्ये या गटाची नव्याने मांडणी झाली आणि पाळणाऱ्यांकडचे बहुसंख्य स्मिथी हे मुळात हॅमोरी असल्याचे स्पष्ट झाले. दरम्यान दोन्ही प्रजातींचे नर-मादी एकत्र आणून किती संकर झाले असतील, कोणास ठाऊक. साल्मोपिअस वंशातही केंब्रिजाय आणि इर्मिनिया यांच्यासारख्या जवळच्या प्रजाती एकाच व्यक्तीकडे असतात, म्हणून पैदास करणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारला तो आई-बाप कोळ्यांबद्दल. त्यांनी दोघांची छायाचित्रे दाखवली, अंड्यांची पिशवी केव्हा उघडली ते सांगितले, आणि मी मादीच हवी म्हटल्यावर म्हणाले, "या वयात खात्रीने सांगता येत नाही. सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका." या उत्तराने मला त्यांच्याबद्दल जितका विश्वास वाटला तितका कोणत्याही हमीने वाटला नसता.

प्रौढ मादी घ्यावी की पिल्लू, यावर मतभेद आहेत. प्रौढ मादी महाग असते, पण लिंग निश्चित असते आणि पिल्लूपणातले धोके मागे पडलेले असतात. माझ्या दृष्टीने मात्र पिल्लू घेण्याचा फायदा वेगळा होता. लहान कोळी तितकाच चपळ असला तरी त्याचा दंश आणि आवाका लहान असतो, आणि तो जसजसा वाढतो तसतसा आपला हातही सरावत जातो. याउलट पूर्ण वाढलेल्या वृक्षवासीला पहिल्याच दिवशी डब्यातून पेटीत हलवायचे म्हणजे नको ती परीक्षा. म्हणून दोन-तीन काती टाकलेले, पायांसकट साधारण अडीच सेंटीमीटर भरणारे पिल्लू मी निवडले. एवढे पिल्लू आपले अन्न आपण पकडते, आणि नुकत्या बाहेर पडलेल्या पिल्लासारखे एका दुर्लक्षित आठवड्यात सुकून जात नाही.

पेटी आधी तयार केली. जमिनीवरच्या कोळ्यांच्या बाबतीत उंची हाच धोका असतो, कारण जड उदराचा कोळी झाकणावरून पडला तर उदर फाटू शकते, म्हणून माती भरपूर आणि हवेची जागा कमी ठेवतात. वृक्षवासीला याच्या उलटे लागते. पारदर्शक उभा डबा, समोरासमोरच्या दोन बाजूंना गरम सुईने पाडलेली बारीक छिद्रे, तळाला चार बोटे कोकोपीट, त्यावर थोडे शेवाळ, कॉर्कच्या सालीचा एक तिरका तुकडा आणि त्याच्या वरच्या टोकाशी कृत्रिम पाने. छिद्रे समोरासमोर असली की हवा आरपार वाहते. सगळी झाकणावरच असली तर खालची हवा कोंडून राहते आणि बुरशी धरते. उजवीकडच्या मातीत थोडे पाणी सोडले, डावी बाजू कोरडी ठेवली आणि लहान वाटी भरून ठेवली. छिद्राचा व्यास कोळ्याच्या शिरोवक्षापेक्षा लहान आहे ना, हे आणायच्या आधी तपासले पाहिजे. उदर मऊ असते, शिरोवक्ष नसतो, म्हणून जिथून शिरोवक्ष निघतो तिथून सगळा कोळी निघतो.

पिल्लू आले ते ओलसर टिशूपेपर भरलेल्या छोट्या नळीत. सगळे उघडण्याचे काम मी मोठ्या, झाकण असलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवून केले, म्हणजे सुटले तरी खोक्यातच राहावे. नळीचे तोंड पेटीतल्या सालीला टेकवून मऊ ब्रशच्या टोकाने मागून किंचित स्पर्श केला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग ते इतक्या वेगाने सालीवरून वर गेले, की ते कुठे गेले हे मी डोळ्यांनी पाहिले नाही, पानांची हालचाल पाहून ताडले. माझ्या आधीच्या तिघांपैकी कोणीही आयुष्यात असा धावलेला नाही. वेगाबद्दल कितीही वाचले तरी हात त्या वेगाला सरावलेला नसतो, आणि ही प्रजाती निवडण्यामागचा माझा विचार त्याच क्षणी पटला. हीच धाव मोठ्या पोसिलोथेरियाची असती तर मी काय केले असते, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

नव्या पेटीत कोळ्याला काही दिवस एकटे सोडावे आणि लगेच खायला घालू नये, असा प्रघात आहे आणि तो मी पाळला. त्या काळात जे घडले ते पाहण्यासाठीच खरे तर मी ही खटाटोप केली होती. रात्री लाल दिव्याच्या उजेडात पिल्लू सालीवरून उतरून तळाशी येई, कोकोपीटचा कण तोंडाजवळच्या अवयवांत धरून वर नेई, आणि सालीच्या मागे घातलेल्या रेशमाच्या पडद्यात तो चिकटवी. नंतर उदर एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवत त्यावर आणखी एक थर चढवी आणि पुन्हा खाली येई. हळूहळू साल आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये मातीने मढवलेली एक नळी उभी राहिली. बाहेरून ती झाडाच्या खोडावरच्या वाळवीच्या मातीसारखी दिसे आणि आत कोळी आहे याचा पत्ता लागत नसे. वर आणि खाली अशी तिला दोन तोंडे होती. वरच्या तोंडातून रात्री फक्त पायांची टोके दिसत. पानावरून रातकिडा चालला की त्या टोकांखालचे केस किंचित उभे राहत आणि मग पुढचे काही दिसण्याआधी रातकिडा आत गेलेला असे.

खाण्याच्या बाबतीत मी त्याला उदराच्या आकाराएवढा रातकिडा आठवड्यातून एक-दोनदा देत असे, आणि उदर शिरोवक्षापेक्षा बरेच फुगले की थांबत असे. वाढ खरोखरच वेगवान होती. उदर काळपट होऊन खाणे बंद झाले, की नळीची दोन्ही तोंडे रेशमाने बंद होत आणि काही दिवसांनी खालच्या तोंडातून जुनी कात बाहेर टाकलेली दिसे. कात टाकल्यावर विषदंत पांढरे आणि मऊ असतात. ते लाल आणि मग काळे होईपर्यंत खायला घालू नये, कारण त्या अवस्थेत जिवंत रातकिडाच कोळ्याला इजा करू शकतो. कोरड्या उन्हाळ्यात वाटी भरलेली ठेवणे आणि मातीची एक बाजू ओली करणे, याखेरीज त्याने माझ्याकडून काहीही मागितले नाही. मनगटावरचे पुरळ त्याच्या पेटीने एकदाही उठले नाही.

पेटी बदलायची वेळ आली तेव्हा मी कोळ्याला नळीतून हुसकावले नाही. ज्या सालीला नळी चिकटली होती ती साल आतल्या कोळ्यासकट उचलून, दोन्ही तोंडांवर पारदर्शक कप धरून, मोठ्या खोक्यात ठेवलेल्या नव्या उंच पेटीत सोडली. मध्येच खालच्या तोंडातून दोन पाय बाहेर आले, कपाच्या काठाला लागले आणि परत गेले. एवढेच झाले. वृक्षवासी कोळी आपले घर सोडायला नाखूश असतो, आणि या नाखुशीचा उपयोग करून घेतला तर वेगाची भीती निम्म्याने कमी होते.

लिंगाचा प्रश्न कातीने सुटला. काही काती हातात आल्या त्या फाटलेल्या किंवा चघळलेल्या होत्या, पण एक अखंड मिळाली. ती साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात भिजवली, उदराचा चुरगळलेला भाग दोन सुयांनी उलगडला आणि पुढच्या दोन पुस्तक-फुप्फुसांच्या (कोळ्याच्या पानापानांच्या श्वसनेंद्रियांच्या) पांढुरक्या ठशांच्या मधोमध आतल्या बाजूने भिंगाखाली पाहिले. तिथे कडेपासून सुटी उठलेली एक छोटी झडप होती, म्हणजेच शुक्रग्राहिका, मादीचा नराचे शुक्र साठवण्याचा अवयव. कोळी मादी होती. ते छायाचित्र मी पैदास करणाऱ्यांना पाठवले आणि त्यांनीही मादीच असल्याचे सांगितले. आता तिची आणखी एक कात झाली, की प्रौढ आकाराच्या, साधारण हातभर उंच पेटीत तिला हलवावे लागेल, आणि त्या वेळी ती पायांसकट माझ्या तळहाताएवढी असेल. ते स्थलांतर धांदल न होता पार पडले तर आशियातल्या वृक्षवासींची यादी मी पुन्हा काढणार आहे. यादीत वर मेटॅलिका नसेल, पोसिलोथेरिया रेगालिस असेल. तो दक्षिण भारतात त्या मानाने विस्तृत प्रदेशात आढळतो, आणि बंदिवासातल्या पैदाशीची कागदपत्रे मात्र त्याच्याही बाबतीत मी आधी मागेन.